पावसाची भीती: घरातल्या एका प्रकल्पाच्या नोंदी (बडोदा, मे ते सप्टेंबर २०२५)

८ मे, गुरुवार

काल संध्याकाळी युद्धकाळाच्या सरकारी सरावासाठी अर्धा तास दिवे घालवले होते. सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं, बंड्यालाही आधी सांगून ठेवलं होतं. तरी अंधार होताच त्याने माझा दंड घट्ट धरला आणि विचारलं, "आई, पाणी येतंय का?" सायरनचं काही नाही, युद्धाचं काही नाही. लाइट गेली की मागोमाग पाणी येतं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय.

गेल्या वर्षी जन्माष्टमीच्या दुसऱ्या दिवशी, २७ ऑगस्टला, विश्वामित्री नदी शहरात शिरली. काळाघोड्याच्या पुलापाशी पातळी ३५ फुटांच्या वर गेली होती. आम्ही कारेलीबागेत, तळमजल्यावर. पलंगावरच्या गाद्या भिजल्या तेव्हा आम्ही सगळे दुसऱ्या मजल्यावरच्या काकींकडे होतो. मग मगरींच्या बातम्या सुरू झाल्या. २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांत वनखात्याने वस्तीतून २४ मगरी पकडल्या, त्यातली एक आमच्यापासून फार लांब नव्हती.

बंड्या आता आठ वर्षांचा आहे. पुरानंतर काही दिवस अंथरूण ओलं करायचा, ते आपोआप थांबलं. राहिलंय ते असं: आभाळ भरून आलं की पोट दुखतं, रात्री माझ्या कुशीशिवाय झोप नाही, लाइट गेली की रडारड. डॉक्टरांनी पोट तपासून झालं, पोटात काही नाही. दुखणं मात्र खोटं नाही, चेहरा बघून कळतं.

पावसाळा महिनाभरावर आलाय. मी कारखान्यात क्वालिटीत आहे, लॉगबुक लिहिणं रोजचंच. हेही लिहीत जाईन.

११ मे, रविवार

ताई आल्या होत्या. या माझ्या नणंदबाई. विद्यापीठात मानव विकास शिकल्या आणि पुढे आयुष्य लहान मुलांच्या बालवाडीत काढलं. मी उत्साहाने वही दाखवली: तारीख, पाऊस, बंड्याने काय केलं. त्यांनी वही मिटून ठेवली. "त्याची नोंद कशाला? तुमची ठेव. आभाळ आलं की घरातली मोठी माणसं काय काय करतात ते लिही."

मग बसून यादी झाली, आणि ती चांगलीच लांबली. मी त्याच्याजवळ झोपते. त्याचे बाबा मोबाइलवर नदीची पातळी काढून दाखवतात, तीही दर तासाने. सासूबाई "काही होत नाही रे राजा, पाणी येणारच नाही" म्हणतात. पोट दुखलं की शाळा बुडते. 'पूर' हा शब्द घरात कोणी उच्चारत नाही, 'ते झालं तेव्हा' म्हणतात. बाथरूमचं दार उघडं ठेवून अंघोळ, कारण मोरीतून पाणी वर आलं होतं.

ताईंचं म्हणणं साधं होतं. यातल्या प्रत्येक गोष्टीने त्याला लगेच बरं वाटतं, म्हणूनच आपण ती करतो. पण त्याला मिळणारा धडा असा: आई शेजारी होती म्हणून वाचलो, पातळी बघितली म्हणून वाचलो. आपला आपण निभावलो, हा अनुभव त्याला येतच नाही. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांनी घाबरणाऱ्या मुलांसाठी एक पद्धत बसवली आहे. तिच्यात मुलाला उपचाराला बोलवतच नाहीत, आईवडिलांनाच बोलवतात, आणि हीच असली मदत हळूहळू कशी काढून घ्यायची ते शिकवतात. २०२० साली छापून आलेल्या त्यांच्या चाचणीत १२४ मुलं होती. ज्यांचे फक्त पालक जात होते ती मुलं, स्वतः उपचार घेणाऱ्या मुलांइतकीच सुधारली.

सासूबाईंना हे अजिबात पटलं नाही. "एवढ्याशा पोराला थोपटायचंही नाही म्हणजे काय?"

"आई, थोपट की हवं तेवढं. फक्त पाणी येणार नाही असं वचन देऊ नकोस. ते आपल्या हातात आहे का?"

त्या गप्प झाल्या. पटलं म्हणून की रागाने, ते कळलं नाही.

सगळ्यांनी म्हणायचं वाक्य ठरलं: "तुला भीती वाटतेय, कळतंय मला. आणि तुला ती सोसवेल, हेही मला माहीत आहे." दोन्ही अर्धी लागतात. नुसतं पहिलं म्हटलं की तो आणखी बिलगतो, नुसतं दुसरं म्हटलं की त्याला वाटतं आपलं कोणी ऐकतच नाही.

ताईंनी एक मर्यादाही घालून दिली. खाणंपिणं तुटलं, आठवडाभर शाळा बुडली, जिवाला काही करून घेण्याची भाषा आली, किंवा तोच प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा घडतोय असं दिवसासुद्धा व्हायला लागलं, तर घरचे प्रयोग बंद आणि बालमानसतज्ज्ञांकडे जायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फ्रिजवर लावला. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, रात्रीबेरात्रीही उचलतात. तो आईबापांनी लावला तरी चालतो.

१८ मे, रविवार

आज पायऱ्या ठरवल्या. सर्वांत कमी भीतीची गोष्ट खाली, सर्वांत जास्त भीतीची वर. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाला असंच बरं केलं होतं: तो आवडीचं खात असताना ससा खोलीत लांब ठेवायचा, आणि त्याला झेपेल तसतसा जवळ आणायचा. शंभर वर्षं झाली, मूळ युक्ती तीच आहे.

पायऱ्या बंड्यानेच लावायच्या, हा ताईंचा आग्रह. मी मनात मगर सगळ्यांत वर धरली होती. त्याने ती खालून दुसरी लावली. "मगर काय, ती पुलावरून दिसतेच." वर काय आलं? अंधारात भांड्यांचा आवाज. त्या रात्री खालच्या आमच्या घरात पातेली, डबे पाण्यावर तरंगत भिंतींना लागत होते आणि जिन्यातून वर ऐकू येत होतं. आम्हाला मोठ्यांना त्याचं काही आठवतही नव्हतं. नऊ महिने आम्ही त्याला मगरींबद्दल समजावतोय.

२५ मे, रविवार

काळाघोड्याच्या पुलावर जाऊन आलो. नदीत यंदा खोदकाम झालंय, काठ उकरलेले, पाणी हिरवट आणि खाली गेलेलं. स्कूटर कडेला लावून मगर बघणारी मंडळी नेहमीप्रमाणे होतीच. एक चिखलावर पसरली होती, जबडा उघडा. अंग तापलं की ती तशीच तोंड उघडं ठेवून पडते, खायला उठलेली नसते.

"मग ती आपल्याकडे कशाला आलेली?"

बाबांनी सांगितलं, पुरात प्रवाहाला जोर असतो, तिला तो सोसत नाही, म्हणून ती कडेच्या संथ पाण्यात सरकते. नदीच्या कडेला आता सोसायट्या आहेत. तिला आपलं घर नको होतं, संथ पाणी हवं होतं.

हे त्याने काकींना जाऊन दोनदा सांगितलं. खरी माहिती मुलाला किती आवडते! आपण उगाच गोष्टींत लपवत बसतो.

१ जून, रविवार

सुट्टीभर दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाममंदिरात जातोय. मल्लखांब. भीतीचा उपाय म्हणून घातलं नव्हतं, पण दमून येतो आणि दहाच्या आत झोपतो. कोरड्या रात्री आता वेगळ्या पलंगावर. मी त्याच खोलीत, पण माझ्या गादीवर.

१३ जून, शुक्रवार

काल दुपारी अहमदाबादेत विमान पडलं. घराघरात टीव्ही चालू, तीच दृश्यं पुन्हा पुन्हा. सासूबाईंची नणंद अहमदाबादला असते, त्यामुळे फोन चालूच होते आणि कोणाचंच बंड्याकडे लक्ष नव्हतं. तो सोफ्यामागे बसून सगळं बघत होता. लहान मुलाला तेच दृश्य दहा वेळा दाखवलं की दहा विमानं पडल्यासारखं वाटू शकतं, हे ताईंकडून ऐकलं होतं. काल ते बघितलं. "अजून एक पडलं?" असं त्याने विचारलंच.

नियम: तो जागा असताना बातम्या बंद. बघायच्याच तर मोबाइलवर, खोलीबाहेर. सर्वांना मान्य. त्याच्या बाबांना सर्वांत जड जातंय.

१८ जून, बुधवार

पाऊस लागला. शाळाही सुरू झालीय, म्हणजे परीक्षा एकदमच.

सकाळी आभाळ, पोटदुखी, ठरल्याप्रमाणे. मी वाक्य म्हटलं. तो रडला. मी पुन्हा म्हटलं आणि दप्तर हातात दिलं. रिक्षावाल्या काकांनी गंमत करून बसवून नेलं. दिवसभर कारखान्यात माझं लक्ष फोनकडे. शाळेतून फोन आला नाही.

आजपासून काळजीचा डबा. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकणाला वरून फट पाडलीय. दिवसभरात पावसाचा प्रश्न आला की चिठ्ठीवर लिहून आत टाकायचा आणि रात्री जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं त्यावर बोलायचं. एरवी उत्तर नाही. प्रश्न दाबायचा नाहीये, त्याला जागा द्यायचीय. पहिल्या रात्री डबा गच्च भरला होता. चिठ्ठ्यांतलं मराठी गुजराती अक्षरांत, कारण शाळेत तेच येतं: "खालचं घर विकायचं का", "काकी गावाला गेल्या तर", "आजीला जिना चढता येईल का".

ही तिसरी चिठ्ठी वाचून सासूबाई उठून आत गेल्या. उत्तर मात्र सोपं होतं. गेल्या वर्षी बाबांनी आणि वरच्या दादाने आजीला खुर्चीवर बसवून नेलं होतं. खुर्ची तीच आहे.

२६ जून, गुरुवार

परवचा. दिवेलागणीला पाढे आणि स्तोत्रं म्हणण्याची आमच्याकडे पद्धत आहे, पुरानंतर ती सासूबाईंनी जास्तच नेमाने चालवली. मला त्याचा उपयोग दिसतो: एका दमात ओळ म्हणायची म्हणजे श्वास सावकाश बाहेर सोडावा लागतो, आणि सावकाश सोडलेल्या श्वासाने छातीतली धडधड उतरते. ताई मुलांना मेणबत्ती न विझवता फुंकायला सांगतात, त्यात हेच.

पण काल बंड्या सर्दीने बेजार होता, परवचा राहिली, आणि रात्री पाऊस आला. लगेच: "आज म्हटली नाही म्हणून पाणी येणार." ही गाठ आत्ताच सोडवायला हवी होती. मी काही बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "अरे वेड्या, गेल्या वर्षी त्या दिवशीही म्हटली होती. तरी आलंच ना पाणी? आपण म्हणतो ती आपल्याला बरं वाटावं म्हणून. नदीला ऐकू जात नाही." माझ्याने इतकं चांगलं सांगून झालं नसतं.

५ जुलै, शनिवार

भांड्यांचा आवाज. आज मुद्दाम दोन तास काढून ठेवले होते.

प्लॅस्टिकच्या मोठ्या टबात पाणी, त्यात दोन पातेली आणि एक डबा. आधी भर दुपारी, अंगणात. बाबांनी पाणी हलवलं, भांडी टबाला लागली. ठण, आणि मग घासल्यासारखा आवाज. बंड्या दारात उभा, कानांवर हात. कोणी त्याला जवळ बोलावलं नाही. बाबा हलवत राहिले आणि मी शेंगा सोलत राहिले. थोड्या वेळाने एक हात खाली आला. मग तो म्हणाला, "असा नव्हता, मोठा होता." म्हणजे ऐकत होता. "मग तू करून दाखव." त्याने चिमट्याने डबा ढोसला, मग जोरात, मग पातेलंच उपडं केलं. शेवटी अंगण, बाबा आणि शेंगा सगळं भिजलं.

संध्याकाळी हेच आत, पडदे ओढून. मग दिवा बंद करून टॉर्च लावून. टॉर्च विझवायला त्याने नकार दिला. तिथे थांबलो. पायरी अर्धी राहिली तरी चालते, मात्र घाबरून पळाला तिथे शेवट करायचा नाही. जमेल तिथे खाली येऊन, चांगल्या बिंदूवर संपवायचं.

१० जुलै, गुरुवार

काल सकाळी पादरा तालुक्यातला महीवरचा गंभीरा पूल कोसळला. ट्रक, गाड्या नदीत. बातम्या घरात बंद होत्या, पण शाळेच्या रिक्षात बंद नव्हत्या. तो आला तोच प्रश्न घेऊन: "काळाघोड्याचा पूलही पडेल?"

सासूबाईंच्या ओठांवर "छे छे" आलं होतं, मी बघितलं. त्यांनी गिळलं. चिठ्ठी करून डब्यात टाकायला सांगू का, असा क्षणभर विचार केला. पण रोजचा घोकलेला प्रश्न वेगळा आणि नवा खरा प्रश्न वेगळा. खऱ्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं.

बाबा पंखा बंद करून त्याच्यासमोर बसले. "तो पूल पडला हे खरं. माणसं गेली, तेही खरं. तो जुना होता. आता राज्यातले पूल तपासतायत, जे धोक्याचे वाटतात ते बंद करतायत. बंद पुलावर आपण जात नाही."

"पण उघडा असला आणि पडला तर?"

"असं शंभरात एकदाही होत नाही. पण कधीच होणार नाही, असं मी नाही सांगू शकत."

मला वाटलं, झालं, आता रडणार. तो म्हणाला, "त्या ट्रकवाल्या काकांना पोहता येत होतं का?"

"माहीत नाही रे."

"मला शिकायचंय."

मग भूक लागली म्हणाला आणि थालीपीठ खाल्लं. बाबा मात्र त्या रात्री बराच वेळ जागे होते. पोराला खरं सांगताना आपल्यालाही ते ऐकावं लागतं.

पोहणं: हिवाळ्यात नको, मार्चमध्ये घालू.

२९ जुलै, मंगळवार

आज आपली नागपंचमी. गुजराती शेजाऱ्यांची श्रावण वद्यात, म्हणजे दिंडं दोनदा करावीत असा बंड्याचा प्रस्ताव आहे.

पावसाळी दिवशीही शाळेत जातो. पोटदुखी आहे, पण तक्रार करत करत चपला घालतो. वर्गशिक्षिका मात्र सगळ्यांसमोर "रेनकोटवाला हीरो घाबरला" म्हणाल्या. भेटून सांगितलं: हसू नका, कौतुकाची आरतीही नको. पाऊस सुरू झाला की त्याला फळा पुसायला किंवा वह्या गोळा करायला द्या. हातांना काम असलं की तो ठीक असतो. त्या नीट वागल्या.

घरीही काम दिलंय. कागदपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी, टॉर्च, सेल, आजीच्या गोळ्या, शिट्टी. ही पिशवी दर रविवारी तो तपासतो. पहिल्या आठवड्यात रोज उघडून बघायला लागला, म्हणून फक्त रविवार असा नियम केला. तयारी असावी, पण तिचाच चाळा लागू नये.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले. योगायोग असा की काल २७ ऑगस्ट, पुराला तारखेने बरोबर वर्ष. ताईंनी आधीच सावध केलं होतं, वर्षाच्या दिवशी जुन्या गोष्टी वर येतात, मुलांच्या आणि मोठ्यांच्याही. बंड्याने आठवणही काढली नाही. सासूबाई मात्र सकाळी मखराशी उभ्या राहून एकदम रडल्या. गेल्या वर्षी गणपती ७ सप्टेंबरला होते, भिंतींची ओल गेली नव्हती, पुरात लाकडी मखर फुगून गेलं होतं. ते मखर सासऱ्यांनी केलेलं. वर्षभर त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं. सगळा वेळ नातवाला धीर देण्यात गेला होता.

बंड्या जवळ गेला आणि गंभीरपणे म्हणाला, "आजी, तुला वाईट वाटतंय, कळतंय मला. आणि तुला ते सोसवेल." हसावं की काय करावं कळेना. सासूबाई रडता रडता हसल्या. यापुढे ते वाक्य सगळ्यांसाठी आहे, फक्त त्याच्यासाठी नाही.

दीड दिवसाचा गणपती. आज संध्याकाळी नवलखीच्या कृत्रिम तलावावर विसर्जन. तो पाण्यापासून चार हात लांब उभा राहिला, आरती मात्र त्याने म्हटली. पाट परत आणायचं काम त्याचं होतं, तेवढ्यासाठी काठापर्यंत आला.

१४ सप्टेंबर, रविवार

आजची स्थिती. शाळा: बुडत नाही. डबा: चिठ्ठ्या एखाद-दुसरी, त्यातल्या बऱ्याच क्रिकेटच्या. अंधार: टॉर्च हातात, पण विझवलेली. लाइट गेली की अजून आधी माझ्याकडे बघतो, रडत नाही.

बाकी: पावसाच्या रात्री वेगळा पलंग. वीज कडाडली की उशी घेऊन येतो. मी परत पाठवत नाही, खाली गादी घालते, त्याला माझ्या गादीवर घेत नाही. सासूबाईंना ते अजून कडक वाटतं. दिवाळीपर्यंत यात फरक पडला नाही तर ताईंच्या ओळखीच्या बालमानसतज्ज्ञांची वेळ घ्यायची, हे आधीच ठरलंय. त्यात हार नाही.

त्याच्या बाबांच्या मोबाइलवर नदीच्या पातळीचा ग्रुप अजून आहे. आवाज बंद केलाय, ग्रुप सोडलेला नाही. त्यांची पायरी.

नवरात्र २२ पासून. झोपेचं वेळापत्रक मोडणार, ते मोडू द्यायचं. फक्त गरब्याहून आल्यावर रात्री बाराला पाऊस लागला तर कोणी काय करायचं, ते शनिवारी बसून ठरवायचंय.